शिकारी रायफलींचा प्रत्याघात

मोठ्या व धोकादायक जनावरांच्या शिकारीसाठी बनविलेल्या मोठ्या व्यासाच्या रायफलीतून गोळी सुटताच रायफल वेगाने मागे येऊन नेमबाजाच्या खांद्यावर आदळते. या क्रियेस प्रत्याघात म्हणतात. शिकाऱ्यांच्या नेहमीच्या बोलण्यात तिला ‘धक्का’ असा शब्द आहे. हत्ती, गेंडा, गवा, आफ्रिकी रानरेडा यांसारखी जाड कातडीची व जड हाडांची जनावरे एका गोळीत पाडण्यासाठी जड गोळी व भरपूर दारू लागते आणि त्या प्रमाणात प्रत्याघातही वाढतो. बंदुकीची नळी अधिक मजबूत करता येते, दारू अधिक जोरकस करता येते. माणसाचा खांदा मात्र बदलता येत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा मोठ्या शिकारी रायफलींचा विकास हा पुष्कळ अंशी प्रत्याघाताशी केलेल्या तडजोडींचा इतिहास आहे.

प्रत्याघाताची मीमांसा : न्यूटन यांच्या गतिविषयक तिसऱ्या नियमानुसार गोळी व दारूचे वायू यांना पुढच्या दिशेने जेवढा संवेग (वस्तुमान व वेग यांचा गुणाकार) मिळतो, तेवढाच संवेग रायफलीस मागच्या दिशेने मिळतो. यात दारूच्या वजनाचा वाटा दुर्लक्षणीय नसतो. नळीच्या तोंडातून बाहेर पडणारे वायू गोळीपेक्षाही अधिक वेगाने जातात, त्यामुळे दारूचे वजन थोडे असले तरी त्याचा हिस्सा एकूण संवेगाच्या पंचमांशापासून चतुर्थांशापर्यंत व कधी त्याहूनही अधिक असतो. रायफल जितकी जड तितका तिचा मागे येण्याचा वेग कमी आणि तितकीच खांद्यावर येणारी गतिज ऊर्जाही कमी. वजन दुप्पट केल्यास तीच गोळी व तीच दारू असताना प्रत्याघाताची ऊर्जा निम्म्यावर येते.

या रीतीने काढलेल्या ऊर्जेस मुक्त प्रत्याघात म्हणता येईल. रायफल दोरीने मोकळी टांगून डागली असता ती ज्या ऊर्जेने मागे जाईल, ती ही ऊर्जा होय. तुलनेसाठी काही स्थूल आकडे पुढीलप्रमाणे सांगता येतील : .३०३ ली-एन्फील्ड या लष्करी रायफलीचा मुक्त प्रत्याघात सु. १६ जूल असतो; .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमचा सु. ५० जूल; .४७० नायट्रो एक्सप्रेस दुनळीचा सु. ७० ते ७५ जूल; .६०० नायट्रो एक्सप्रेस या सु. ७ किग्रॅ. वजनाच्या दुनळीचा सु. १२५ जूल. रायफलीचे वजन व काडतुसातील भरणी यांनुसार हे आकडे कमीअधिक होतात.

जाणवणारा प्रत्याघात : नेमबाजास प्रत्यक्ष जाणवणारा धक्का केवळ या ऊर्जेवर अवलंबून नसतो. गोळी नळीतून बाहेर पडण्यास एक-दोन सहस्रांश सेकंद लागतात, तर रायफल खांद्यात रुतून थांबेपर्यंतचा काळ त्याच्या कित्येक पट असतो. ही ऊर्जा किती काळात, खांद्याच्या किती क्षेत्रावर व कोणत्या दिशेने पडते यावर धक्क्याचे स्वरूप ठरते. जड व संथ मागे येणारी रायफल खांदा रेटते, तर हलकी व वेगाने मागे येणारी रायफल ठोसा मारते. .६०० नायट्रो एक्सप्रेस दुनळी सेकंदास सु. ६ मी. वेगाने मागे येते, तर सु. पावणेपाच किग्रॅ. वजनाची .४६० वेदरबी मॅग्नम रायफल सु. साडेसात मी. वेगाने. दोहोंच्या प्रत्याघाताची ऊर्जा जवळपास सारखी असूनही दुसरीचा तडाखा अधिक झोंबतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

दस्त्याची घडणही तितकीच महत्त्वाची असते. दस्ता नळीच्या रेषेपेक्षा फार खाली उतरलेला असल्यास रायफल मागे येतानाच वर उसळते आणि दस्त्याची वरची कड गालफडावर आदळते. दस्त्याचा मागील तळवा अरुंद किंवा धातूच्या कडेचा असल्यास दाब थोड्या जागेत एकवटतो. आखूड दस्त्यामुळे उजव्या हाताचा अंगठा नाकावर बसू शकतो. मोठा आवाज व नळीच्या तोंडाशी उठणारा ज्वालांचा लोळ यांनीही धक्का आहे त्याहून मोठा वाटतो. नेमबाजाची ढबही विचारात घ्यावी लागते. उभ्याने गोळी झाडताना शरीर कमरेतून मागे झुकून धक्का जिरवते. पालथे पडून किंवा मेजावर टेकून झाडताना शरीरास मागे सरकण्यास वाव नसल्याने तोच धक्का असह्य होतो. म्हणून मोठ्या रायफलींचा नेम तपासण्यासाठी कारखान्यांत उभ्याने टेकण्याजोगे उंच आधार वापरीत.

प्रत्याघाताचा सर्वांत घातक परिणाम खांद्यापेक्षा मनावर होतो. धक्का बसणार या जाणिवेने नेमबाज चाप ओढण्याच्या क्षणीच नकळत अंग चोरतो, डोळे मिटतो व खांदा पुढे ढकलतो. अशा वेळी गोळी हमखास चुकीच्या जागी लागते. बंदुकीत नेमबाजाच्या नकळत रिकामे काडतूस भरून चाप ओढावयास लावल्यास ही सवय तत्काळ उघडकीस येते. लक्ष्यावर सराव करताना जो धक्का नकोसा होतो, तोच धक्का चाल करून येणाऱ्या जनावरासमोर बहुधा जाणवतही नाही. परंतु अंग चोरण्याची सवय सरावात लागते आणि ती प्रत्यक्ष प्रसंगी सुटत नाही. जखमी हत्ती किंवा रानरेडा हा शिकाऱ्यास, त्याच्या साथीदारांस व आसपासच्या वस्तीस अक्षत जनावरापेक्षा कितीतरी अधिक धोकादायक असल्याने या सवयीची किंमत अनेकदा दुसऱ्यासही मोजावी लागे.

काळ्या दारूचा काळ : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंदुकीची शक्ती वाढविण्याचा एकच मार्ग उपलब्ध होता, तो म्हणजे गोळी मोठी करणे. काळ्या दारूने मिळणारा वेग मर्यादित असे आणि शिशाची मऊ गोळी हाडावर चपटी होई. त्या काळी नळीचा व्यास ‘बोअर’ या मापाने सांगत. एका पौंडाच्या शिशातून नळीत बसणाऱ्या जितक्या गोल गोळ्या होतील तो तिचा बोअर. म्हणजे ४ बोअरची गोल गोळी पाव पौंड, सु. ११३ ग्रॅ. वजनाची असे.

सर सॅम्युएल बेकर (१८२१–९३) यांनी श्रीलंकेतील हत्तींच्या शिकारीसाठी ब्रिस्टल येथील जॉर्ज गिब्ज यांच्याकडून १८४० मध्ये सु. साडेनऊ किग्रॅ. वजनाची रायफल बनवून घेतली होती. तीत सु. २८ ग्रॅ. दारू भरली जाई. वजन पुरेसे असल्याने तिचा धक्का सोसण्याजोगा होता. पुढे नाईलच्या उपनद्यांच्या प्रदेशात त्यांनी हॉलंड कारखान्याची अर्धा पौंड वजनाचा स्फोटक गोळा फेकणारी रायफल नेली. तिला ते ‘बेबी’ म्हणत, तर त्यांचे अरब सोबती तिला तोफेचे पोर म्हणत. या रायफलीचे वजन अवघे सु. ९ किग्रॅ. होते आणि फेकावयाचा गोळा मागच्या रायफलीच्या गोळ्यांपेक्षा दुपटीच्या घरात होता. ती डागताच आपण वादळातील वातकुक्कुटाप्रमाणे गरकन फिरत असू आणि जड बंदुकांची वर्षानुवर्षांची सवय असूनही आपल्याला तिची धास्ती वाटे, असे बेकर यांनी नमूद केले आहे. तिने प्रत्येक वेळी जनावर पाडले, तरी ते ती क्वचितच वापरीत.

याहून बोलके उदाहरण फ्रेडरिक सेलूस (१८५१–१९१७) यांचे आहे. १८७१ मध्ये एकोणिसाव्या वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत उतरले आणि त्यांनी तेथील व्यापारी शिकाऱ्यांच्या प्रघाताप्रमाणे बर्मिंगहॅमच्या हॉलिस यांच्या ४ बोअरच्या ठासणीच्या बंदुका घेतल्या. त्या स्वस्त, आत खाचा नसलेल्या गुळगुळीत नळीच्या व केवळ सु. पावणेसहा किग्रॅ. वजनाच्या होत्या. दारू मापाने न भरता कातडी पिशवीतून मुठीने ओतली जाई, ती सु. ३५ ग्रॅ.पर्यंत भरे. अशा बंदुकीचा मुक्त प्रत्याघात गणिताने ४०० जूलच्या पुढे, म्हणजे लष्करी रायफलीच्या पंचवीसपटीच्या आसपास जातो. एकदा टोपी उडाली पण बार झाला नाही. बंदूकवाहकाने आतील भरणी तशीच ठेवून तीवर दुसरी भरणी केली. बार होताच सेलूस जमिनीवरून उचलले जाऊन तोंडावर आपटले आणि बंदूक त्यांच्या खांद्यावरून मागे फेकली गेली. या बंदुकांनी त्यांनी तीन हंगामांत ७८ हत्ती मारले. तथापि १८८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे स्पष्ट लिहिले, की या बंदुकांच्या माराने आपल्या मज्जातंतूंवर कायमचा परिणाम झाला, त्यामुळे पुढील आयुष्यात आपली नेमबाजी बिघडली आणि आपण त्या हाती धरल्या याचे आपल्याला दुःख होते. हत्तीच्या शिकारीतील अग्रगण्य म्हणून मान्यता पावलेल्या माणसाची ही कबुली प्रत्याघाताच्या इतिहासात मोलाची ठरते. पुढे त्यांनी लहान व्यासाच्या रायफली पसंत केल्या.

प्रत्याघात कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे बंदुकीचे वजन वाढविणे हा होता. परंतु नऊ-दहा किग्रॅ.ची बंदूक दिवसभर वाहून नेणे शिकाऱ्यास शक्य नसे. ती आफ्रिकी, सिंहली वा भारतीय बंदूकवाहक वाहत. ऐन वेळी ती भरून हातात देण्याची जोखीमही त्यांच्याकडेच असे. शिकाऱ्याच्या खांद्यावरील धक्का हलका करणारे ओझे अशा रीतीने दुसऱ्याच्या खांद्यावर जाई, हे त्या काळच्या प्रवासवृत्तांतांतून जाता जाता आलेल्या उल्लेखांवरून दिसून येते.

दुसरा मार्ग हलकी गोळी व अधिक वेग यांचा. लंडनचे जेम्स पर्डी यांनी १८५६ मध्ये अशा रायफलीस आगगाडीवरून ‘एक्सप्रेस ट्रेन’ असे नाव दिले व पुढे या वर्गास एक्सप्रेस ही संज्ञा रूढ झाली. .४५०, .५०० व .५७७ इंच व्यासाच्या या रायफलींची पोकळ टोकाची हलकी गोळी वाघ, अस्वल व सांबर यांना पुरेशी ठरे आणि तिचा धक्काही बेताचा असे. भारतात, विशेषतः मचाणावरून वा हत्तीवरील हौद्यातून शिकार करताना तोल सांभाळावा लागत असल्याने तिला मागणी होती. मात्र हत्ती व गवा यांच्या कवटीत वा खांद्यात ही गोळी खोल शिरत नसे. त्यांच्यासाठी ४ व ८ बोअरच्या जड बंदुकांवाचून गत्यंतर नव्हते.

कॉर्डाइटने घडविलेला बदल : सर फ्रेडरिक एबल व सर जेम्स ड्यूअर यांनी १८८९ मध्ये कॉर्डाइट ही निर्धूम दारू सिद्ध केली. तिची ऊर्जा काळ्या दारूच्या मानाने कितीतरी अधिक असल्याने थोड्या वजनाच्या दारूत मोठा वेग मिळू लागला. जॉन रिग्बी यांनी १८९८ मध्ये .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस बाजारात आणले. त्यातील सु. ३१ ग्रॅ. वजनाची, लांबट व कठीण धातूचे कवच असलेली गोळी सेकंदास सु. ६५५ मी. वेगाने जाई. तिची ऊर्जा ४ बोअरच्या गोळीपेक्षा कमी होती. परंतु व्यास लहान, लांबी अधिक व कवच कठीण असल्याने ती हत्तीच्या कवटीत अधिक खोल व सरळ शिरे. रायफलीस मागे मिळणारा संवेग ४ बोअरच्या निम्म्याहूनही कमी भरला आणि रायफलीचे वजन पाच किग्रॅ.च्या आसपास आले. जनावर पाडण्यासाठी गोळीच्या आकारापेक्षा तिचा भेद महत्त्वाचा, हे यातून सिद्ध झाले आणि ४ व ८ बोअरच्या बंदुका अल्पावधीत मागे पडल्या.

या यशानंतर पुन्हा मोठ्या व्यासाकडे ओढ निर्माण झाली. .५७७ नायट्रो एक्सप्रेस व १९०० च्या सुमारास जेफरी यांची .६०० नायट्रो एक्सप्रेस ही काडतुसे आली. शेवटच्या काडतुसातील गोळी सु. ५८ ग्रॅ. वजनाची असे. या रायफली नेहमी हाती धरण्याच्या नव्हत्या. दाट झाडीत अंगावर येणारा हत्ती थांबविण्यासाठी वाहकाजवळ त्या राखीव असत.

भारतात एका वेगळ्याच कारणाने या काडतुसांच्या विकासास वळण मिळाले. .५७७/.४५० मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफली बंडखोरांच्या हाती असल्याने त्यांना दारूगोळा मिळू नये म्हणून ब्रिटिश सरकारने १९०७ मध्ये भारतात व सूदानमध्ये .४५० व्यासाच्या काडतुसांवर बंदी घातली. त्यामुळे .४६५, .४७० व .४७५ यांसारखे थोडे वेगळे व्यास पुढे आले. या सर्वांचा प्रत्याघात .४५० च्या जवळपासच राहिला, पाच किग्रॅ.च्या दुनळीतून सशक्त माणूस जो धक्का वारंवार सोसू शकतो त्याची मर्यादा या वर्गाने जणू निश्चित केली होती. धक्क्याच्या दृष्टीने याहून सौम्य असलेली .४५०/.४०० दुनळी भारतात लोकप्रिय झाली. कुमाऊँतील नरभक्षकांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेले जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) हिचा वापर करीत. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा बंदोबस्त केल्याबद्दल १९०७ मध्ये त्यांना भेट मिळालेली .२७५ रिग्बी ही हलकी रायफलही त्यांच्या नित्य वापरात होती.

दुनळी रायफलीच्या रचनेत प्रत्याघाताचा उपयोगही करून घेतलेला आढळतो. उजवी नळी डागताच रायफल किंचित उजवीकडे व वर वळते, डावी डागताच डावीकडे. दोन्ही नळ्या समांतर जोडल्यास गोळ्या एकमेकींपासून दूर जातील. म्हणून कारागीर नळ्या पुढच्या टोकाशी किंचित जवळ आणून जोडतो, गोळ्या झाडून पाहतो, डाख वितळवून पाचर सरकवतो व दोन्ही गोळ्या ठरलेल्या अंतरावर एकत्र पडेपर्यंत हे पुनःपुन्हा करतो. त्यामुळे अशी रायफल एका विशिष्ट भरणीशीच जुळलेली असते. उष्ण हवेत कॉर्डाइटचा दाब वाढत असल्याने भारत व आफ्रिका यांसाठी भरणी थोडी कमी केलेली काडतुसे काढावी लागली. धक्क्याने दुसरी नळीही आपोआप उडणे हा दुनळीचा मोठा दोष होय. अशा वेळी खांद्यावर दुप्पट संवेग येतो. मागील चाप ओढताना पुढील चापावर बोट आपटू नये म्हणून पुढचा चाप बिजागरीचा करीत.

प्रत्याघाताचा ताण रायफलीसही सोसावा लागतो. दस्त्याचे लाकूड चिरू नये म्हणून त्यात आडवे पोलादी खिळे बसवितात. खजिन्यातील काडतुसांच्या गोळ्या धक्क्यांनी जागच्या हलू नयेत म्हणून काडतुसाची कड गोळीवर दाबून घट्ट करतात. दुर्बिणीचे भिंग डोळ्यापासून पुरेसे दूर नसल्यास ते भुवईवर आदळून जखम होते.

हलक्या गोळीचा वाद : डब्ल्यू. डी. एम. बेल (१८८०–१९५४) या स्कॉटिश शिकाऱ्याने एक हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतील बहुसंख्य .२७५ या लहान व्यासाच्या रायफलीने. हिचा प्रत्याघात लष्करी रायफलीएवढाच असतो. बेल यांनी हत्तीच्या कवटीचे छेद घेऊन मेंदूची जागा अभ्यासली होती आणि धक्क्याची भीती नसल्याने ते गोळी नेमकी तेथे पोचवीत. याउलट, चाल करून आलेल्या हत्तीवर गोळी मेंदूस थोडक्यात चुकली तरी त्यास खाली बसविण्याइतका आघात मोठ्या गोळीनेच होतो, असे जॉन टेलर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकी रायफली व काडतुसे यांवरील ग्रंथात प्रतिपादन केले. दोन्ही मतांत तथ्य आहे. बेल यांचे कौशल्य सर्वांपाशी नसते. म्हणून अनेक आफ्रिकी प्रदेशांच्या कायद्यांनी धोकादायक जनावरांसाठी.३७५ ही किमान मर्यादा ठरविली. हॉलंड अँड हॉलंड यांचे या व्यासाचे १९१२ मधील काडतूस आजही टिकून आहे, याचे एक कारण असे, की त्याचा धक्का सर्वसाधारण माणसास सरावाने सोसता येतो आणि त्याची गोळी हत्तीसही पुरते.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ : ब्रिटिश दुनळ्या महाग झाल्या व १९६० नंतरच्या दशकात त्यांच्या काडतुसांचे उत्पादनही थांबले. त्यांची जागा अमेरिकी .४५८ विंचेस्टर मॅग्नम (१९५६) सारख्या खजिन्याच्या स्वस्त रायफलींनी घेतली. .४७० इतकेच सामर्थ्य चार किग्रॅ.च्या रायफलीतून मिळू लागले. साहजिकच धक्का अधिक तीव्र झाला. .४६० वेदरबीच्या बाबतीत तो आणखी वाढला. त्यावर उपाय म्हणून सरळ व उंच दस्ता, गालापासून दूर सरकेल असा पुढे उतरता कठडा, जाड रबरी गादी, दस्त्यात बसविलेली पाऱ्याची नळी व नळीच्या तोंडाशी वायू बाजूस वळविणारी छिद्रे, म्हणजेच मझल ब्रेक, यांचा अवलंब झाला. रबरी गादीचा वापर एकोणिसाव्या शतकापासूनच होता. मझल ब्रेकने धक्का लक्षणीय कमी होतो. परंतु आवाज बाजूस व मागे फेकला जाऊन नेमबाजाच्या व त्याच्या शेजारी उभ्या वाटाड्याच्या श्रवणशक्तीस इजा पोचते. बंदूकवाहकाच्या खांद्यावरचे ओझे गेले, तर त्याच्या जागी वाटाड्याचे कान आले, असे या उपायाचे वर्णन करता येईल. .७०० नायट्रो एक्सप्रेस हे १९८८ मधील काडतूस मुख्यतः संग्राहकांसाठी तयार झाले.

सद्यःस्थिती : भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने वाघासह बहुतेक मोठ्या जनावरांच्या शिकारीस आळा बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकार जवळजवळ सर्वस्वी बंद झाली. केनियाने १९७७ मध्ये शिकारीस बंदी केली. आफ्रिकेतील काही देशांत परवान्याने शिकार चालू आहे, तसेच अभयारण्यांतील रक्षक स्वसंरक्षणार्थ मोठ्या रायफली बाळगतात. त्यांच्या प्रशिक्षणात हलक्या काडतुसांवर नेम पक्का करून मगच जड काडतुसाकडे वळविण्याची पद्धत आहे. दीडशे वर्षांच्या अनुभवाचे सार तिच्यात उतरले आहे : नेमबाजास निःशंकपणे झाडता येईल तेवढीच रायफल त्याच्या दृष्टीने सामर्थ्यवान असते, त्यापलीकडील सामर्थ्य गोळीबरोबर पुढे न जाता त्याच्या स्वतःच्या नेमावर उलटते.